निर्व्यसनी माणसालाही झटका येतो तेव्हा

"ज्याने जन्मात सुपारीचे खांड तोंडात टाकले नाही त्याला अटॅक येतो, आणि दारू पिऊन रस्त्यात लोळणारा ठणठणीत राहतो. मग आत्या, शील पाळायचे तरी कशाला?"

हा प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, त्या वेळी अतिदक्षता विभागात होते. २०१९ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला त्याला उत्तर देता आले नाही. असा प्रश्न आपल्या अनेक घरांत विचारला जात असेल, म्हणून जे नंतर उमगले ते आज लिहीत आहे.

दादा तेव्हा ५४ वर्षांचे होते. पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. दापोडीहून रोज सायकलने जाणे-येणे. अंगाने सडपातळ. बिडी नाही, तंबाखू नाही, दारूचा तर वासही सहन होत नसे. रविवारी विहारात मुलांना त्रिसरण-पंचशील शिकवायचे. वस्तीतल्या दोन-तीन तरुणांची दारू त्यांनीच सोडवली. वहिनी कधी म्हणाल्या, "एकदा तपासून घ्या," तर उत्तर ठरलेले, "मला काय धाड भरली आहे?"

त्या दिवशी पहाटे चारला त्यांच्या छातीवर कोणी दगड ठेवावा तसे जड झाले. डावा हात दुखू लागला, थंडीतही घाम सुटला. वहिनींनी ओवा आणि काळे मीठ दिले. आठ वाजता जवळच्या डॉक्टरांकडे दादा स्वतः चालत गेले आणि म्हणाले, "रात्री तिखट खाल्ले, पित्त झाले आहे." डॉक्टरांनीही पित्ताचीच गोळी दिली. तशातच डबा घेऊन कामावर निघाले आणि जिन्यात खाली बसले. मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाच तास उलटले होते. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला. आपण धडधाकट आहोत या भरवशावर ते पाच तास गेले.

हे कुणालाही चुकलेले नाही

सौरव गांगुलीचे नाव तुमच्या घरातल्या पोरांना ठाऊक आहे. भारतीय क्रिकेट संघाचा हा माजी कर्णधार २ जानेवारी २०२१ रोजी कोलकात्यात घरी व्यायाम करत होता. छातीत त्रास झाला. वय ४८. तपासणीत हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून स्टेंट बसवून तो बरा झाला. त्याच्याही घराण्यात हृदयविकार होता.

त्याहून बोलकी हकिकत अमेरिकेतल्या जिम फिक्स यांची. हे गृहस्थ तरुणपणी लठ्ठ होते, दिवसाला दोन पाकिटे सिगारेट ओढायचे. १९६७ साली धावू लागले, सिगारेट सोडली, वजन उतरवले. १९७७ साली धावण्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक प्रचंड खपले आणि लाखो लोक धावू लागले. तेच फिक्स २० जुलै १९८४ रोजी धावत असताना कोसळून मरण पावले. वय ५२. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. लोक हसले, धावून काय मिळाले म्हणाले. पण त्यांच्या वडिलांना ३५ व्या वर्षी पहिला झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते वारले होते. म्हणजे मुलगा बापापेक्षा नऊ वर्षे जास्त जगला. मृत्यूच्या काही महिने आधी एका नामांकित डॉक्टरांनी त्यांना हृदयाची तपासणी करून घ्या असे सुचवले होते. त्यांनी ती करून घेतली नाही.

आतून काय घडते?

दादा फिटर. त्यांना वाटे, पाइपात गंज चढतो तशी नस हळूहळू बुजते, आणि तसे काही असते तर सायकल चालवताना दम लागला असता. डॉक्टरांनी समजावले की नेहमी तसे घडत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबीचा मऊ थर साचतो. नस निम्मीदेखील बुजलेली नसते, त्यामुळे चालताना, सायकल मारताना काही जाणवत नाही. एके दिवशी तो थर फुटतो, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. काल धडधाकट असलेला माणूस आज कोसळतो तो असा.

हा थर साचण्याची कारणे अनेक. तंबाखू हे मोठे कारण, पण एकमेव नाही. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटावरची चरबी, मनावरचा ताण आणि आनुवंशिकता हीही कारणे आहेत. यातली बरीचशी डोळ्यांना दिसत नाहीत, दुखत नाहीत. दादांचा रक्तदाब किती वर्षांपासून वाढलेला होता हे कुणालाच ठाऊक नव्हते, कारण तो कधी मोजलाच नव्हता. त्यात रात्रपाळी, मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आणि रोजच्या ताटात पापड-लोणचे. शिवाय भारतीय उपखंडातल्या माणसांना पहिला झटका इतर देशांतल्यांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले आहे.

वडील कशाने गेले?

दवाखान्यात कागद भरताना डॉक्टरांनी विचारले, "घराण्यात कुणाला हृदयविकार?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आमचे वडील ४८ व्या वर्षी झोपेतच गेले होते. लोक म्हणाले, "हाय खाल्ली." आजोबा शेतात काम करताना पडले ते उठले नाहीत. लोक म्हणाले, "बाहेरचे झाले." गावकुसाबाहेर डॉक्टर कधी पोहोचलाच नाही, तर कारण लिहिणार कोण? आपल्या कित्येक घरांत हा रकाना असा कोरा आहे. कोरा रकाना म्हणजे रोग नव्हता असे नव्हे. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, कोण कोणत्या वयात, कसे गेले. ते वहीत लिहून ठेवा. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने गेली असेल तर तुम्ही अधिक सावध राहिले पाहिजे.

शिक्षा नव्हे, कारण

दादांना बघायला आलेल्यांपैकी एक-दोघे कुजबुजले, "मागच्या जन्माचे असेल काही." बौद्धाच्या घरात हे शब्द शोभत नाहीत. पूर्वजन्मीच्या कर्माच्या या कल्पनेचा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परखड समाचार घेतला आहे. बाबासाहेब स्वतः निर्व्यसनी होते, तरी मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले. ती काय कुठल्या पापाची शिक्षा होती? तथागतांची शिकवण सांगते की कारणाशिवाय काही घडत नाही. मग कारण शोधायचे, आणि दूर करता येईल तेवढे दूर करायचे.

तीस वर्षांवरील सर्वांच्या रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. कोलेस्टेरॉलही एकदा तपासून घ्यावे. गोळी सुरू झाली तर बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नये.

छातीत दाब, जबडा, पाठ किंवा हात दुखणे, घाम, धाप, मळमळ असे अचानक झाले आणि थोड्या वेळात गेले नाही तर ओवा शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत आहे. रुग्णाला चालवू नका, जिने चढवू-उतरवू नका. पहिला इसीजी साधा आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढायला सांगा. भगिनींनो, बाईला छातीत कळ न येता नुसता थकवा, धाप आणि मळमळही होऊ शकते. घरचे सगळे आवरून मग सांगू, असे करू नका. मधुमेही माणसाला तर कधीकधी दुखणे जाणवतही नाही. पैशाची भीती वाटत असेल तर लक्षात ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या दवाखान्यांत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत, हाताशी ठेवा.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. दादांना घरी सोडताना त्यानेच डॉक्टरांना विचारले, "यांचे निर्व्यसनी राहणे वायाच गेले ना?" डॉक्टर म्हणाले, "बिडी ओढत असते तर कदाचित दहा वर्षांपूर्वीच आले असते, आणि आज सावरले तसे सावरले नसते."

पावसाळ्यात गाडीचा ब्रेक चांगला असूनही अपघात होतो. म्हणून कुणी ब्रेक काढून टाकत नाही. शील पाळल्याने माणूस अमर होत नाही. पण घर दारूत बुडत नाही, पगार घरी येतो, मुले शिकतात. दादांच्या आजारात घर उभे राहिले ते त्याच बचतीवर.

दादा आता सायकल चालवत नाहीत, सावकाश चालतात. रविवारी विहारात अजून शिकवतात. वंदना झाली की भाचा मोठ्या माणसांचा रक्तदाब मोजतो. यंत्र त्याने स्वतःच्या पहिल्या पगारातून आणले आहे. पहिल्याच रविवारी सात जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांतल्या एकालाही काही दुखत नव्हते.