मेतानोइया आणि पश्चात्ताप

बायबलच्या नव्या करारातील ‘मेतानोइया’ ह्या ग्रीक शब्दासाठी मराठीत ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला आहे. ‘पश्चात्’ म्हणजे मागाहून, ‘ताप’ म्हणजे दाह. कृत्य घडून गेल्यावर मनाची होणारी होरपळ, असा त्याचा अर्थ होय. मूळ शब्दात मात्र दाहाची कल्पना नाही. ‘मेता’ हा उपसर्ग येथे पालट सुचवितो आणि ‘नूस’ म्हणजे मन किंवा बुद्धी. तेव्हा मेतानोइया म्हणजे मनाचा पालट. त्यामागे ‘शूव’, म्हणजे माघारी फिरणे, ह्या हिब्रू धातूचीही छाया आहे.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाची खंत सांगताना मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘मेतामेलोमाइ’ हे निराळे क्रियापद योजिले आहे. यहूदा हळहळला, त्याने चांदीची नाणी परत केली आणि गळफास घेतला. ताप झाला, नवी वाट मात्र दिसली नाही.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केडगाव येथे संपूर्ण बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. त्यांचे निधन १९२२ साली झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मुळापर्यंत जाण्याचे हे कष्ट कशासाठी, ते ह्या एका शब्दावरूनही ध्यानी यावे. पश्चात्तापाची दृष्टी मागे असते. मेतानोइयाची पुढच्या वाटेवर.