चोवीस तासांची मावशी

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन झाला. सत्कार झाले, शुगर-बीपी तपासणीची शिबिरं झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. हे सगळे ज्येष्ठ सभागृहापर्यंत आपल्या पायांनी आलेले. ज्यांना कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागतो ते त्याही सकाळी घरीच होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या उशाशी शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली एक मावशी होती. शहरांतल्या सोसायट्यांमध्ये आता ही मावशी, आणि पुरुष पेशंटसाठी मामा, मजल्यामजल्यावर दिसतात. घराच्या खर्चातला मोठा वाटा त्यांच्यावर जातो. तरीही मिळते ती सेवा चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचं, याचं उत्तर ना कुटुंबाकडे असतं, ना ब्युरोकडे.

मावशी ठेवताना आपण काय विचारतो? आधार कार्ड आहे का, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, सुट्टी घेतली तर बदली मिळेल का. या प्रश्नांत चोरीची भीती आहे आणि खाड्याची भीती आहे. आईला भरवणार कसं, याची चौकशी त्यात नाही.

वैद्यकीय सेवेचा दर्जा मोजायची आजची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या अवेडिस डोनाबेडियन यांची इथे आठवण काढायला हवी. १९१९ साली बैरूतमध्ये आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवत. १९६६ च्या एका दीर्घ लेखात त्यांनी दर्जा तीन अंगांनी पाहायला सांगितला: सेवा देणाऱ्याकडे साधनं आणि शिक्षण काय आहे, प्रत्यक्षात केलं काय जातं, आणि त्यातून रुग्णाचं काय होतं. जगभरात इस्पितळांचा दर्जा मोजताना अजून हीच चौकट वापरतात. पण आयुष्याच्या शेवटी ते स्वतः कर्करोगाने आजारी पडले. दर्जाच्या तपासणीत हयात घालवलेल्या माणसाने खाटेवरून ती व्यवस्था पाहिली आणि तिच्यातल्या उणिवा अनुभवल्या. २००० साली ते गेले. मृत्यूच्या थोडं आधी दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की व्यवस्था आणि मोजमाप लागतंच, पण दर्जाचं खरं मर्म प्रेमात आहे.

हे वाचून अनेकांना बरं वाटेल. आपल्याकडे सेवा म्हटली की माया हा शब्द लगेच येतोच. माझं म्हणणं असं, की डोनाबेडियन यांचं हे वाक्य खरं मानायचं तर ते प्रेम कुठल्या परिस्थितीत टिकतं, तेही मोजलं पाहिजे. त्याकडे येतोच. आधी जे डोळ्यांना दिसतं ते पाहू.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा तपासायची तर माकडहाड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. एकाच अंगावर तासन्‌तास पडून राहिलं की हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा चेपते, तिथे रक्त पोहोचत नाही. सुरुवातीला नुसता लाल चट्टा येतो. बोटाने दाबून सोडला तरी तो पांढरा पडत नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात फिरवून पाहावं लागतं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते. दर दोन तासांनी कूस बदलावी असं सांगतात ते यासाठी. हवेची गादी आणली म्हणजे ते काम संपलं, असं होत नाही. आणि हाडावरच्या लाल झालेल्या जागेला तेल लावून चोळायची आपल्याकडे मायेने चाललेली पद्धत तर घातकच. आतली इजा त्याने वाढते. कितीतरी मावशांना हे कुणी शिकवलेलंच नसतं.

तसंच जेवणाचं. भरवताना पाठीला आधार देऊन ताठ बसवतात का? पहिला घास गिळून होईपर्यंत दुसरा थांबतो का? जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करत नाहीत ना? घास श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया म्हाताऱ्या माणसाचा जीव घेतो. तो टाळायला महाग यंत्र लागत नाही, एका जेवणाला पाऊण तास द्यावा लागतो.

पण सगळ्यात जास्त फसगत होते ती डायपरच्या बाबतीत. हात धरला तर संडासापर्यंत जाऊ शकणाऱ्या आजोबांना सोयीसाठी डायपर लावला, की चालणं थांबतं आणि बघता बघता पायांतलं बळ जातं. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ साली परावलंबन मोजण्यासाठी सहा साध्या क्रिया निवडल्या: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठून बसणं-खुर्चीत जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. मावशी आली त्या दिवशी यातलं काय काय स्वतःचं स्वतः जमत होतं आणि तीन महिन्यांनी काय जमतं, हे वहीत लिहून ठेवलं तर खूप कळेल. पुष्कळ घरांत बीपी-शुगरची वही असते, ही नसते. मुलाने बंगळुरूहून किंवा न्यू जर्सीहून कॅमेऱ्यात पाहिलं, की आजोबा वीस मिनिटं सदऱ्याच्या गुंड्या लावतायत आणि मावशी नुसती शेजारी बसलीय, तर त्याचा फोन येतो. वास्तविक ती त्या घटकेला उत्तम काम करत असते.

मावशीला किंवा ब्युरोला तारे देणाऱ्या रेटिंगवर मला म्हणूनच विश्वास वाटत नाही. पैसे देणारा एक, तारे देणारा तोच, आणि सेवा घेणारा दुसराच. जर्मनीत सरकारी पातळीवरसुद्धा हे फसलं. तिथे १९९५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. २००९ पासून शुश्रूषागृहांना आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांना शाळेसारखे गुण देऊ लागले. जवळपास सगळ्याच अव्वल ठरल्या! कारण बेडसोअरच्या काळजीत कमी पडलेलं शुश्रूषागृह जेवणाचा तक्ता ठळक अक्षरांत लावून सरासरी भरून काढू शकत होतं. टीका वाढत गेली आणि २०१९ मध्ये शुश्रूषागृहांसाठीची ती पद्धत बदलावी लागली. तपासणारे कागद तपासत होते.

आता मावशीच्या परिस्थितीकडे. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे काय, याचा हिशेब कुणी मांडत नाही. दिवसभर उचलणं, पुसणं, भरवणं. रात्री त्याच खोलीत खाली चटई. आजी तीनदा हाका मारणार, एकदा चादर बदलावी लागणार. स्मृतिभ्रंश असेल तर रात्रीच घराबाहेर जायचा हट्ट. असे महिनोन्‌महिने. झोप न झालेल्या बाईकडून सकाळी सात वाजता गोड बोलण्याची अपेक्षा ठेवायची, आणि आवाज चढला की ब्युरोला फोन करून ‘दुसरी पाठवा’ म्हणायचं. दुसरी येते. तिला आजींचा डावा खांदा दुखतो हे माहीत नसतं, चहा कोमट लागतो हे माहीत नसतं. काही ठिकाणी मग रात्र शांत जावी म्हणून झोपेची गोळी थोडी लवकर, थोडी जास्त दिली जाते. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली वृद्धांसाठी धोक्याच्या औषधांची यादी केली. ती वेळोवेळी सुधारली जाते, आणि झोपेच्या अनेक गोळ्या आजही तिच्यात आहेत: पडणं, हाड मोडणं, भ्रम वाढणं यांमुळे.

म्हणून मी म्हणेन, घरच्या सेवेचा दर्जा पाहणाऱ्याने सर्वांत आधी मावशीची झोप विचारावी. सलग किती तास? आठवड्याची सुट्टी कुठली? घरकामगारांविषयीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

कायद्याचं म्हणाल तर एक संधी येऊन गेली. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात बदल करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता. ते स्थायी समितीकडे गेलं, मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. ते पुन्हा मांडावं, आणि मांडताना नोंदणीच्या सोबत कामाच्या तासांची मर्यादा घालावी.

दोन मावशा ठेवणं बहुतेकांना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून सार्वजनिक आधार हवा. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण केलं आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघर जाऊ लागली. ती पांघरूण बाजूला करून टाचा पाहते, घरच्यांना शिकवते. आपल्या महापालिकांनी प्रभागात अशी एक नर्स नेमली, तिने महिन्याला एक फेरी मारली आणि आजींशी व मावशीशी वेगवेगळं बोलून घेतलं, तर खरी तपासणी सुरू होईल. तोवर कुटुंबाने एवढं तरी करावं: ब्युरोशी बोलतानाच आठवड्याची सुट्टी ठरवून घ्यावी, त्या दिवशी येणारी बदली बाई दर वेळी तीच मागावी, आणि आठवड्यातल्या दोन रात्री घरातल्या कुणीतरी आईच्या खोलीत झोपावं.