विद्यार्थ्यांची दृष्टी आणि चष्म्याची निवड

फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा नक्कल करणारा ठरतो. वाचताना कपाळ दुखते म्हणणारी मुलगी कामचुकार ठरते. अशा मुलांस दोष देण्यापूर्वी त्यांची दृष्टी तपासून पाहणे हे प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य होय. आपणांस कमी दिसते हे मुलाला स्वतःहून कळत नाही. आपल्याला दिसते तसेच सर्वांना दिसत असेल, अशी त्याची समजूत असते.

मुलांतील दृष्टिदोष मुख्यतः तीन. नेत्रगोल प्रमाणाहून लांब असला म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते व फळा अंधुक दिसतो. ही लघुदृष्टी होय. तीस अंतर्गोल भिंग लागते व तिचा नंबर उणे चिन्हाने लिहितात. नेत्रगोल आखूड असला म्हणजे जवळचे वाचताना ताण पडतो. त्यास बहिर्गोल भिंग लागते. तिसऱ्या प्रकारात पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते, त्यामुळे अक्षरे पसरट दिसतात. त्यावरील उपायास व्यवहारात सिलिंडरचा नंबर म्हणतात. चाळिशीचा चष्मा हा निराळा विषय. त्याचा संबंध मुलांशी नसून आपणां शिक्षकांशी आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, पुष्कळदा एकच डोळा अधू असतो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सर्व काम पार पाडतो आणि दोष झाकला जातो. अधू डोळ्याकडून आलेली अंधुक प्रतिमा मेंदू हळूहळू स्वीकारीनासा होतो व तो डोळा आळशी बनतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण चांगला येतो; पुढे तो कठीण होत जातो. म्हणून पहिली-दुसरीचे वर्ग महत्त्वाचे.

तपासणी सोपी आहे. हॉलंडमधील डॉ. स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेल्या पद्धतीचा तक्ता उजेडात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. मुलास ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फुटांवर उभे करावे. एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकून दुसऱ्याने वाचावयास सांगावे. मग डोळा बदलावा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी ‘ई’च्या आकृतीचा तक्ता वापरावा व तोंडे कोणत्या दिशेस आहेत ते बोटांनी दाखवावयास सांगावे. कोणत्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ वाचता न आल्यास मुलास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. परंतु साक्री, चाळीसगाव या भागांतून ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांची मुले त्या दिवशी गावी नसतात. आखाजीच्या सुमारास ती परतल्यावर किंवा जूनमध्ये शाळा उघडताच त्यांची तपासणी शिक्षकानेच करावी. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. गरजू विद्यार्थ्यांस शासकीय योजनेतून मोफत चष्माही मिळतो. मुलांचा नंबर काढताना डॉक्टर बहुधा डोळ्यांत औषध घालतात. त्याने काही काळ धूसर दिसते. पालकांस हे आधी सांगावे, म्हणजे ते घाबरणार नाहीत.

चष्मा घेताना दिखाऊपणापेक्षा बसणी पाहावी. चौकट नाकावर नीट टेकावी, बाहुली भिंगाच्या मध्याशी यावी, पापण्या भिंगास लागू नयेत. खेळत्या मुलास काचेपेक्षा पॉलिकार्बोनेटचे भिंग बरे. ते हलके असते व सहसा फुटत नाही. घामाने चष्मा घसरत असल्यास मागे दोरी बांधावी. आपल्याकडील उन्हाळ्यात चष्मा उन्हात ठेवल्यास चौकट वाकते. धूळ सदऱ्याने कोरडी पुसू नये. पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपावी. बाजारातील तयार चष्मा मुलास कधीही घेऊ नये.

चष्म्याने नंबर वाढतो, ही समजूत खोटी आहे. नंबर वाढतो तो वाढत्या वयाबरोबर नेत्रगोल लांबत गेल्याने; म्हणून दरवर्षी तपासणी हवी. मुले रोज मोकळ्या उजेडात खेळल्यास लघुदृष्टी जडण्याचा संभव कमी होतो. सबब मैदानाचा तास बुडवू नये.

‘मुलीला चष्मा लागला तर सोयरीक कशी जमेल?’ असे पालक विचारतात. त्यांना दटावू नये. मुलीस चष्म्याशिवाय व चष्म्यासह त्यांच्यासमोर फळा वाचावयास लावावा. तो फरक त्यांनी स्वतः पाहिला म्हणजे पुष्कळसे काम होते.