उन्हाळी सत्रात कोणतं जीवशास्त्र?

अमेरिकी विद्यापीठांत पदवीच्या वरच्या वर्षांचे जीवशास्त्राचे विषय उन्हाळी सत्रात उरकायची सोय असते. तिथे शिकणारी आपली मुलंही ती घेतात आणि बहुतेक जण सोपा विषय कोणता, एवढंच विचारतात. माझ्या मते, विषयाला वेळ किती लागतो हे आधी पाहावं. नियमित सत्रात 15 आठवडे, आठवड्याला 3 तास, म्हणजे 45 तास. तेच 6 आठवड्यांत कोंबले की आठवड्याला साडेसात. तास भरतात, मुरायला वेळ उरत नाही. आनुवंशिकीची प्रयोगशाळाच घ्या. फळमाशी 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण 10 दिवस घेते. संकराच्या दोन पिढ्या पाहायच्या तर तीन आठवडे गेलेच. शिवाय कोशातून निघालेल्या माद्या आठेक तासांत वेगळ्या काढायच्या, नाहीतर संकर फुकट. माशीला वेळापत्रक कोण समजावणार! उलट इकॉलॉजी, सागरी जीवशास्त्र यांना उन्हाळाच मानवतो. वुड्स होलची प्रसिद्ध सागरी प्रयोगशाळा 1888 मध्ये सुरू झाली तीच उन्हाळ्यात.

कुणी म्हणेल, एकच विषय असला की लक्ष विखुरत नाही. शरीररचनेसारख्या पाठांतराच्या विषयापुरतं ते खरं आहे. मेडिकलवाले म्हणतील, 2015 पासून एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत जीवरसायनशास्त्राला मोठं स्थान आहे, ते लवकर आटपलेलं बरं. पण घाईत घोकलेली चयापचयाची साखळी परीक्षेपर्यंत टिकायला हवी ना? जीवरसायनशास्त्र नियमित सत्रातच घ्यावं. आणि उन्हाळ्यासाठी नाव नोंदवण्याआधी प्रयोगांचं वेळापत्रक मागून घ्यावं.