डेव्हिकचा आजार

१८९४ साली फ्रान्समधील ल्यों शहरी यूजेन डेव्हिक या वैद्याने आपल्या शिष्यासह ज्या दुर्मीळ विकाराचे सविस्तर वर्णन केले, त्यात डोळ्यांचे मज्जातंतू आणि मेरुरज्जू यांवर, कधी एकदम तर कधी मागाहून, दाहाचा घाला पडतो: डोळा हलवताच खोल कळ उठते, लाल रंग फिका दिसू लागतो, पाय जड होतात आणि लघवीवरचा ताबाही सुटतो. कधीकधी आजाराची पहिली वर्दी दिवसेंदिवस न थांबणारी उचकी देते, आणि बिचारा रुग्ण पोटाच्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवीत राहतो.

दीर्घकाळ हा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या दुसऱ्या विकाराचाच एक प्रकार मानला गेला. परंतु २००४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांना जपानी सहकाऱ्यांसमवेत रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड आढळले, आणि ते पेशींतून पाण्याची ने-आण करणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावरच उलटते, हे पुढच्या वर्षी सिद्ध झाले. दोन्ही आजारांतला हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे; मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही औषधांनी हा आजार उलट बळावतो.

प्रत्येक झटका कायमची हानी मागे ठेवू शकतो. म्हणून दृष्टी अचानक मंदावल्यास चष्म्याच्या दुकानाकडे न वळता, विनाविलंब मज्जाविकारतज्ज्ञांना गाठावे.