मोटारीच्या कोपऱ्यावरील दिवे बदलण्याची रीत

मोटारगाडीच्या पुढच्या अंगास दोन प्रकारचे दिवे असतात. मोठा दिवा चालकास रस्ता दाखवितो. त्याच्या शेजारीं, जेथें गाडीचा पत्रा बाजूस वळतो तेथें, एक लहान दिवा असतो. तो चालकास कांहींच दाखवीत नाहीं. त्याचें काम दुसऱ्यांस सांगण्याचें. "मी आतां या बाजूस वळणार," एवढें एकच वाक्य तो लुकलुकून बोलतो. सायकलीवरून शाळेस येणारा मुलगा, पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी भाजीवाली आणि समोरून येणारा दुसरा चालक, हे तिघेहि त्या वाक्यावर विसंबून आपलें पुढचें पाऊल टाकतात. हा दिवा घरच्या घरीं बदलणें फारसें कठीण नाहीं. मात्र दिवा बदलतांना त्याचें वाक्य बदलतां कामा नये. तें कसें सांभाळावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रारंभीं मोटारचालक हात बाहेर काढून खूण करीत. पुढें युरोपांतील पुष्कळ गाड्यांच्या बाजूस विजेनें वर उठणारा एक लहानसा हात बसविण्यांत येऊं लागला. अमेरिकेंतील ब्युइक कारखान्यानें १९३९ सालच्या आपल्या गाड्यांवर लुकलुकणारे दिशादर्शक दिवे दिले, आणि हळूहळू सर्वत्र तीच पद्धति रूढ झाली. हा दिवा कोपऱ्यावरच कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, तो केवळ समोरच्यास दिसून भागत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांप्रमाणें पुढचा दिशादर्शक दिवा गाडीच्या बाहेरच्या बाजूस ८० अंशांपर्यंत व आंतल्या बाजूस ४५ अंशांपर्यंत दिसला पाहिजे. म्हणजे गाडीच्या जवळ जवळ काटकोनांत उभा असलेला पादचारीहि त्यास पाहूं शकावा, असा हेतु आहे. काच कोपऱ्यावरून वळविलेली असते ती शोभेसाठीं नव्हे.

हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत हा दिवा मोठ्या दिव्याच्या पेटींतच बसविलेला असतो, त्यामुळें तो वेगळा काढतां येत नाहीं. घरीं काम करणाऱ्यास सोयीची गाडी म्हणून जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कारखान्याची 'ई ३६' या नांवानें ओळखली जाणारी गाडी येथें उदाहरणादाखल घेऊं. ही १९९० सालीं निघाली. आपल्या रस्त्यांवर ती क्वचितच दृष्टीस पडते. परंतु तिचा कोपऱ्यावरील दिवा हा स्वतंत्र भाग असल्यामुळें त्याची रचना समजण्यास फार सोपी आहे.

दिवा बदलण्याचीं कारणें बहुधा दोन असतात. एक तर धक्का लागून जुना फुटतो किंवा उन्हानें त्याची काच निस्तेज होते. नाहीं तर मालकास केशरी काचेऐवजीं स्वच्छ पांढरी काच हवीशी वाटते. मूळ कारखान्याखेरीज इतरांनीं बनविलेले असे दिवे बाजारांत स्वस्त मिळतात. तैवान बेटावरील ताइनान व लुकांग येथील कारखाने या मालाविषयीं प्रसिद्ध आहेत.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. पांढऱ्या प्रकाशांत सर्व रंग मिसळलेले असतात, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकतोंच. केशरी काच त्यांतील निळा भाग गिळून टाकते व पिवळा, नारिंगी आणि तांबडा भाग तेवढा बाहेर जाऊं देते. जुन्या दिव्यांत बल्ब पांढरा असतो आणि रंग देण्याचें काम काच करते. नवी काच पांढरी घेतली, तर तें काम करणारें कोणीच उरत नाहीं. म्हणून बल्बच केशरी घ्यावा लागतो. तसें न केल्यास लुकलुकणारा प्रकाश शेजारच्या मोठ्या पांढऱ्या दिव्याच्या झोतांत बुडून जातो आणि रात्रीं गाडी वळणार आहे हें समोरच्यास कळत नाहीं. आपल्या देशांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनींहि दिशादर्शक दिव्यास हाच पिवळट केशरी रंग ठरवून दिलेला आहे.

बल्ब बनविणाऱ्यांनीं येथें एक मोठी युक्ति योजिली आहे. २१ वॅटच्या पांढऱ्या बल्बास 'पी २१ डब्ल्यू' म्हणतात. त्याच्या बुडाशीं दोन बारीक खुंट्या समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर असतात. केशरी बल्बास 'पी वाय २१ डब्ल्यू' म्हणतात. त्याच्या खुंट्या १५० अंशांवर असतात. त्यामुळें केशरीच्या जागीं चुकून पांढरा बल्ब बसूंच शकत नाहीं. परंतु याच कारणानें जुन्या दिव्याच्या होल्डरांत नवा केशरी बल्बहि बसत नाहीं. तेव्हां नवा दिवा विकत घेतांनाच त्याबरोबर योग्य होल्डर आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. खुंटी कानशीनें घासून बल्ब दामटून बसविण्याचा मोह टाळावा. तो सैल राहतो आणि खड्ड्यांत गाडी आदळली कीं विझतो. केशरी बल्बहि चांगल्या प्रतीचा असावा. हलक्या बल्बाचा रंग उष्णतेनें सोलून निघतो व आंतून पांढरा उजेड डोकावूं लागतो.

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणें करावें. तें घरांतील मोठ्या माणसानें करावें, मुलांनीं मदतीस उभें राहावें.

प्रथम यंत्र बंद करून किल्ली काढून घ्यावी व बल्ब निवूं द्यावा. एक बारीक लांब पेचकस, मऊ फडकें व चिकट कागदी पट्टी जवळ ठेवावी. दिव्याच्या कडेच्या रंगावर ती पट्टी लावली म्हणजे ओरखडा पडत नाहीं.

नंतर बॉनेट उघडावें. मोठ्या दिव्याच्या मागें, मडगार्डाच्या बाजूस एक लहान छिद्र दिसेल. त्यांतून पेचकस घालून आंतील पकड दाबावी व दुसऱ्या हातानें दिवा पुढच्या दिशेस सरकवावा. गाडी जुनी असेल, तर प्लास्टिक ठिसूळ झालेलें असतें. म्हणून हिसका देऊं नये. दिवा अडला, तर पकड पुरती सुटली नाहीं असें समजावें.

दिवा बाहेर आला कीं होल्डर थोडा फिरवून काढावा व तारेचें टोक सोडवावें. नव्या दिव्यांत केशरी बल्ब बसवून तार जोडावी, आणि दिवा जागेवर ढकलण्यापूर्वींच एकदां पेटवून पाहावा. होल्डराभोंवतीं रबराची कडी असते. ती नीट बसली नाहीं, तर पावसाळ्यांत आंत पाणी शिरून सांधे गंजतात. सर्व ठीक असेल, तर दिवा खांचेंत धरून मागें सरकवावा. पकड बसल्याचा आवाज होईल.

कित्येकांस तंतूच्या बल्बाऐवजीं एल. ई. डी. बसविण्याची हौस असते. येथें थोडें गणित करावें. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. एल. ई. डी. त्याचा अल्पसा अंशच घेते. त्यामुळें लुकलुकविणाऱ्या यंत्रास बल्ब गेला आहे असें वाटतें, व दिवा अतिशय जलद लुकलुकूं लागतो. यावर उपाय म्हणून ६ ओहमचा रोधक जोडतात. पण तो स्वतःच १२ व्होल्टवर २४ वॅट खातो व भाजण्याइतका तापतो. तो प्लास्टिकला किंवा तारांना टेकला, तर अपाय होतो. शिवाय ज्या दिव्याची रचना तंतूच्या बल्बासाठीं केलेली आहे, त्यांत एल. ई. डी. चा प्रकाश सर्व बाजूंस सारखा पसरत नाहीं. म्हणून साधा तंतूचा बल्बच बरा. काळसर काचेविषयींहि असेंच म्हणावें लागतें. ती दिसावयास ऐटदार असली, तरी प्रकाश गिळते.

दिवा विकत घेण्यापूर्वीं त्याच्या काचेवरील खुणा वाचाव्या. वर्तुळांत रोमन 'ई' अक्षर व त्यापुढें अंक असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणें त्याची परीक्षा झालेली असते. अंक १ असल्यास मान्यता जर्मनीची, ४ असल्यास नेदरलंडची. ज्या दिव्यावर कसलीच खूण नाहीं, तो कितीहि स्वस्त असला तरी महागच समजावा.

काम संपल्यावर घड्याळ हातांत घेऊन एका मिनिटांत दिवा किती वेळां लुकलुकतो तें मोजावें. ६० पेक्षां कमी किंवा १२० पेक्षां अधिक असूं नये. मग भर दुपारीं, ऊन दिव्यावर पडत असतांना, घरांतील एखाद्या मुलास गाडीपासून वीस पावलांवर प्रथम समोर व नंतर बाजूस उभें करावें. त्यास आगाऊ कांहीं न सांगतां दिवा कधीं लावावा, कधीं बंद ठेवावा, आणि गाडी वळणार कीं सरळ जाणार तें विचारावें. त्यानें न अडखळतां प्रत्येक वेळीं बरोबर सांगितलें, तर दिवा नीट बसला. तो क्षणभरहि घुटमळला, तर गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वीं तो दिवा पुन्हां उतरवावा.