वाईन (सॉफ्टवेअर)

वाईन हे मायक्रोसॉफ्ट विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्ससारख्या संचालन प्रणालींवर चालवणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी संगणकावर विंडोज बसवावी लागत नाही किंवा तिचा परवानाही विकत घ्यावा लागत नाही. नावाचा मद्याशी संबंध नाही. ‘वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर’, म्हणजे वाईन हे एम्युलेटर नव्हे, या वाक्याच्या आद्याक्षरांतून ते सिद्ध झाले आहे.

कार्यपद्धती

विंडोज व लिनक्स एकाच प्रकारच्या प्रोसेसरवर चालतात. त्यामुळे त्यांच्या प्रोग्रामांच्या यंत्रभाषेत फरक नसतो. फरक असतो तो संचालन प्रणालीकडे काम मागण्याच्या रीतीत. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, छपाई करणे अशा प्रत्येक कामासाठी प्रोग्राम विंडोजमधील ठरावीक फंक्शनांना हाक देतो. वाईनने ही फंक्शने स्वतंत्रपणे लिहिली असून आलेली मागणी ते लिनक्सला कळेल अशा रूपात पुढे पाठवते. एम्युलेटर संपूर्ण यंत्राचीच नक्कल करतो व म्हणून बहुधा संथ असतो; वाईनवर तो भार पडत नाही.

हे पुनर्लेखन विंडोजची मूळ संहिता न पाहता केले जाते. ती पाहिलेल्या व्यक्तीचे योगदान प्रकल्प स्वीकारत नाही. प्रकल्पाचे कायदेशीर अस्तित्वच या दंडकावर अवलंबून आहे.

इतिहास

विंडोज ३.१ चे प्रोग्राम लिनक्सवर चालावेत या हेतूने १९९३ मध्ये काम सुरू झाले. आरंभी बॉब ॲम्स्टॅड यांच्याकडे असलेली सूत्रे १९९४ मध्ये अलेक्झांड्र ज्युलियार यांनी स्वीकारली. आवृत्ती १.० प्रसिद्ध होण्यास १७ जून २००८ उजाडला. मायक्रोसॉफ्ट दरम्यान विंडोज बदलत राहिल्याने पंधरा वर्षांचा हा विलंब समजण्यासारखा आहे.

स्थापना सुलभ करणारी साधने

प्रोग्राम चालवण्यापेक्षा तो नीट बसवणे सामान्य वापरकर्त्याला अधिक अवघड जाते. बहुतेक प्रोग्राम काही फॉन्ट, डॉटनेट, व्हिज्युअल सी++ चे सहायक घटक इत्यादी संगणकावर आधीच आहेत असे गृहीत धरतात. त्यांतील एखादा नसला, तर पुष्कळदा कारण न सांगता प्रोग्राम बंद पडतो. शिवाय एकाला लागणारी घटकाची आवृत्ती दुसऱ्याला चालतेच असे नाही.

यावर उपाय म्हणजे ‘प्रीफिक्स’. हा एक फोल्डर असून त्यात सी ड्राइव्हची प्रतिकृती व स्वतंत्र रजिस्ट्री असते. प्रत्येक प्रोग्रामला वेगळा प्रीफिक्स दिल्यास एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधत नाही, आणि नको असलेला प्रोग्राम फोल्डर पुसून समूळ काढता येतो. विनट्रिक्स हे साधन उणे असलेले घटक आज्ञा देताच उतरवून बसवते. प्लेऑनलिनक्स, लुट्रिस यांत निरनिराळ्या प्रोग्रामांसाठी तयार कृती असतात. एकाने खटपटीने शोधलेला मार्ग इतरांना आयता मिळतो. कोडवीव्हर्स या कंपनीचे क्रॉसओव्हर हे सशुल्क असून ज्युलियार याच कंपनीत काम करतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाईनवर आधारित प्रोटॉन आणले. त्यातील डीएक्सव्हीके हा घटक विंडोजच्या डायरेक्ट३डी चित्रणाच्या आज्ञा व्हल्कनमध्ये रूपांतरित करतो. पुष्कळ खेळांच्या बाबतीत वापरकर्ता केवळ ‘इन्स्टॉल’ दाबतो; प्रीफिक्स व घटकांची सारी व्यवस्था पडद्यामागे होते.

मर्यादा

विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवणारे प्रोग्राम वाईनवर सहसा चालत नाहीत. संगणकाला जोडायच्या कुलूपावाचून न उघडणारी काही व्यावसायिक सॉफ्टवेअर याच कारणाने अडतात. लिनक्सवर विंडोजचे व्हायरस निरुपद्रवी ठरतात हा समजही चुकीचा आहे. वाईन त्यांनाही चालवू शकते, आणि मूळ मांडणीत वापरकर्त्याच्या वैयक्तिक फाइली त्यांच्या आवाक्यात असतात.

मराठी सॉफ्टवेअर

पुण्यातील सी-डॅक संस्थेचे आयएसएम व मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी यांवर मराठी अक्षरजुळणी दीर्घकाळ होत आली आहे. त्यांच्या युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकूर केवळ वाचण्यासाठी वाईन लागत नाही; ट्रूटाइप फॉन्ट थेट लिनक्समध्ये बसवता येतो. विंडोजसाठीचा कळफलक प्रोग्राम वाईनमध्ये सुरू झाला, तरी लिनक्सच्या स्वतःच्या लेखन-प्रोग्रामांत तो अक्षरे उमटवू शकत नाही. तेथे लिनक्समधील इन्स्क्रिप्टसारखा कळफलक वापरावा लागतो.